अप्पांचं धारेचं मशीन

आमच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात सध्या धार लावायची इतकी जुनी मशिनं पडली आहेत, की कपडे वाळत घालायला दोरीपर्यंत जायचं तर अंग चोरून जावं लागतं. सगळी ओतीव लोखंडाची, सगळी जड, आणि त्यातलं एकही मी हौसेनं आणलेलं नाही. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. लोखंडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता थोडंफार कळतं, पण ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला, त्याबाबतीत मी अजूनही गोंधळलेलीच आहे.

हे सगळं सुरू झालं ते अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे वडील. म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या ओळीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, गाळ्यात एक लाकडी टेबल आणि टेबलावर पक्कं बसवलेलं ग्राइंडरचं मशीन. मध्ये मोटार, दोन्ही बाजूंना दगडाची चाकं. एका चाकाचा दाणा जाड, दुसऱ्याचा बारीक. शिंप्यांच्या कात्र्या, सुतारांच्या पटाश्या, शिसवी लाकडात जडावकाम करणाऱ्यांची काडीएवढी हत्यारं, सगळ्यांना अप्पा धार लावून द्यायचे. लहानपणी शाळा सुटली की मी थेट दुकानात जायची आणि टेबलामागच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. अभ्यास कमी, ठिणग्या बघणं जास्त.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा अप्पांनी गाळा आतल्या सामानासकट विकला आणि सरस्वतीपुरमला आमच्याकडे राहायला आले. घेणाऱ्यानं तिथं मोबाईलची कव्हरं विकायला सुरुवात केली. त्याला मशीन काय करायचंय? दिलं गुजरीला. भंगाराला आमच्याकडे गुजरी म्हणतात. अप्पांना तेव्हा त्याचं सुतक नव्हतं. उलट म्हणाले, "साकु, पुरे आता. कान किटले त्या आवाजानं."

मग काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, कडांकडून आत सरकत गेले आणि शेवटी काहीच उरलं नाही. अप्पा मूळचे तोंडाळ माणूस. भाजीवाल्याशी, शेजाऱ्याशी, वर्तमानपत्राशी, कुणाशीही भांडणारे. ते बोलायचेच थांबले. रेडिओ नको, फिरायला नको. ताटात काय वाढलंय तेही विचारायचे नाहीत, जे बोटाला लागेल ते खायचे आणि उठायचे. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. "बिडु गं, सोड," एवढंच म्हणायचे. मला खरंच भीती वाटायला लागली होती. हा माणूस असाच खुर्चीत बसून विझून जाणार आणि मी शाळेच्या वह्या तपासत ते बघत राहणार, असं वाटायचं.

अशात एक दिवस सकाळची कॉफी घेताना ते आपणहून बोलले. "आपलं मशीन कुठं असेल की गं आता?"

"कुठलं मशीन, अप्पा?"

"दुकानातलं. परत मिळालं असतं तर हाताला काही काम तरी झालं असतं."

दिसत नसलेल्या माणसाला फिरता दगड कशाला हवा, हा सरळ प्रश्न होता. तो माझ्या नवऱ्यानं नंतर विचारलाच. मला त्या वेळी तो सुचलाही नाही. अप्पांना काहीतरी हवं आहे, एवढंच मला ऐकू आलं. मी ठरवलं, ते मशीन शोधून आणायचं.

शोधायचं तर ते कसं होतं हे माहीत हवं. इथूनच गोंधळाला सुरुवात झाली. अप्पा म्हणाले, हिरवं होतं. मला स्पष्ट आठवत होतं, निळं होतं. आमची जुंपली. अप्पांचं आवाज चढवून बोलणं इतक्या दिवसांनी ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी मुद्दाम थोडं ताणलं. मग माझ्या लक्षात आलं की या भांडणाला काही अर्थच नाही. म्हैसुरात आयुधपूजा आली की प्रत्येक दुकानातलं मशीन धुऊन पुसून रंगवतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. डब्यात जो रंग उरलेला असेल तो फासतात. अप्पाही ओळीतल्या पोरांकडून तेच करून घ्यायचे. म्हणजे ते मशीन दर दसऱ्याला वेगळ्या रंगाचं होत असणार, आणि आम्हाला आपापला दसरा आठवत होता.

"कंपनीचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"पट्टी होती की पुढं. पितळेची. ती रंगाखाली गेली. विलायती आहे म्हणायचा, मला विकणारा."

"विलायती म्हणजे कुठलं?"

"विलायती म्हणजे विलायती गं. सुम्ने, उगीच डोकं खाऊ नको."

एवढ्या माहितीवर मी रविवारी मंडी मोहल्ल्यात गुजरीवाल्याकडे गेले. ग्राइंडर आहे का विचारलं, तर त्यानं इडलीचं पीठ वाटायचा दगड पुढे केला. आमच्या गावात ग्राइंडर म्हटलं की तोच. दोन्ही हातांनी चाकं फिरवून, तोंडानं घुर्र आवाज काढून मी त्याला समजावलं. तो गालात हसला आणि आतल्या ढिगाकडे घेऊन गेला. गंजलेले गीझर, सायकलींची हाडं, पंख्यांच्या मोटारी, आणि त्यांच्या बुडाशी दोन कान असल्यासारखं एक मशीन. निळंही आणि थोडं हिरवंही. मला वाटलं, झालं काम. पहिल्याच फेरीत मिळालं. मी रिक्षात त्याला मांडीशी धरून घरी आणलं आणि साडीचं वाटोळं केलं.

व्हरांड्यातल्या टेबलावर मशीन ठेवलं, अप्पांना धरून आणलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मोटारीच्या पोटावरून, चाकांवरच्या कव्हरांवरून, खालच्या पायावरून बोटं फिरवली.

"हे नव्हे," अप्पा म्हणाले.

मला रडूच यायला लागलं. पण त्यांनी हात काढले नव्हते. एक चाक हातानंच गरकन फिरवलं आणि कान जवळ नेला. "बेअरिंग गेलंय ह्याचं. खरखरतंय. उघडू की, पाना आण."

त्या दिवशी आमची शाळा सुरू झाली, आणि तिथं मी सगळ्यात ढ होते. पाना म्हणून मी पकड आणली. अप्पा म्हणाले, उजवीकडचा नट नेहमीसारखा सुटतो. मी त्याच ऐटीत डावीकडच्या नटाला झोंबले. जोर लावते, लावते, तो आणखीच आवळत चाललाय. "अय्यो, उलटे आटे गं तिकडं!" अप्पा ओरडले. "मशीन फिरता फिरता सुटू नये म्हणून डावीकडं उलटे. फिरव उलटं." उलटं फिरवलं तर काय, मुकाट सुटला. ही गोष्ट जगात सगळ्यांना माहीत असते का, हे मी नवऱ्याला विचारलं. त्यालाही माहीत नव्हती, म्हणून मला जरा समाधान वाटलं.

जुना दगड बसवण्याआधी दोरीला टांगून लाकडानं हलकेच ठोकायचा. खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा, तो फेकायचा. फिरताना फुटला तर माणसाचं तोंड जागेवर राहत नाही. हे मला अप्पांनी शिकवलं. गंज रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं काढायचा, तांब्याची तार जळाल्याचा वास नाकानं ओळखायचा, हेही शिकवलं. मी बघून सांगायचं, त्यांनी हातानं चाचपून पुढचं सांगायचं. चुकलं की बोलणी खायची. "शाळेत पोरांना काय शिकवतेस गं तू, डावं-उजवं कळत नाही तुला?" असं ते म्हणाले तेव्हा माझा पारा चढला आणि त्याच वेळी मी आतून इतकी खूष झाले की काय सांगू. दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "हुळीत मुळा घातलायस का?" म्हणजे आमटीत. किती महिन्यांनी त्यांनी जेवणाबद्दल काही विचारलं होतं.

मशीन चालू झालं. पण ते आपलं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी मी पुन्हा मंडी मोहल्ल्यात.

माझा नवरा नाशिकचा. नोकरीसाठी म्हैसूरला आला आणि इथलाच झाला. आमचं घरातलं मराठी ऐकून त्याला अजून हसू येतं. त्याला या सगळ्यात फारशी गोडी नव्हती, पण ओळख पटवायचं काम शास्त्रशुद्ध पद्धतीनं व्हायला हवं, असं त्याचं मत पडलं. त्यानं इंटरनेटवर जुन्या ग्राइंडरांचे शौकीन शोधून काढले. परदेशात असे लोक आहेत, ते मशीनच्या पायाची गोलाई बघून कारखाना सांगतात म्हणे. त्यानं आमच्या व्हरांड्यातल्या मशीनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून टाकले. एकानं सांगितलं, हे अस्सल इंग्लंडचं. दुसऱ्यानं सांगितलं, ही त्याची पंजाबात केलेली नक्कल. तिसरा म्हणाला, मोटार एकाची, पाय दुसऱ्याचे आणि कव्हर तिसऱ्याचं. चौथ्यानं मशीनमागच्या कुंडीतल्या झाडाचं नाव विचारलं. नवऱ्याचं शास्त्र तिथंच आटोपलं.

मी मात्र मशिनं आणत राहिले. प्रत्येक वेळी तोच सोहळा. टेबलावर ठेवायचं, अप्पांनी हात फिरवायचे आणि म्हणायचं, "हे नव्हे." कारण विचारलं तर एकदा म्हणाले, आपल्याचा पाया रुंद होता. रुंद पायाचं आणलं तर म्हणाले, एवढा रुंद कुठं होता? एकाचं पोट फार गोल निघालं, एकाची कव्हरं पातळ निघाली. मी मनात एक चित्र जुळवत आणायची आणि पुढच्या रविवारी ते मोडायचं. शेवटी मला माझ्याच आठवणीतलं मशीन दिसेनासं झालं. डोळे मिटले की गुजरीतला ढीग दिसायचा. पण नव्हे म्हणाले, तरी अप्पा मशीन टाकून द्यायचे नाहीत. ते उघडायचे, साफ करायचे, चालू करायचे. चालू झालेलं मशीन आम्ही कुणाला दिलं नाही, कारण न जाणो, अप्पांचं मत बदललं तर?

"तुझ्या वडलांना मशीन नकोच आहे," नवरा एकदा चहा पिता पिता म्हणाला. "त्यांना रविवार हवाय. मिळालं की संपलं ना सगळं."

मी त्याला गप्प बस म्हटलं. पण ते डोक्यातून जाईना.

मग एका रविवारी गुजरीवाल्याकडे चांगलं काहीच नव्हतं. "मॅडम, आज वापस जाओ," तो म्हणाला. रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे अप्पांचा दिवस फुकट गेला, म्हणून मी ढिगाच्या तळचं एक काळंकुट्ट धूड उचललं. एका बाजूचं चाक नाही, पुढे पट्टी नाही, अंगावर डांबरासारखा थर. अप्पा दुपारचे झोपले होते. मी म्हटलं, निदान हात लावण्याजोगं तरी करून ठेवू. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर ठेवून मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसले. काळ्याखाली राखाडी निघाला. राखाडीखाली हिरवा. हिरव्याखाली निळा. एवढ्यानं माझं काळीज हललं नाही, कारण असले थर मी आता पुष्कळ पाहिले होते. मग मी मशीन फिरवून त्याची पाठ घासायला घेतली, आणि पायाच्या कडेला, जी बाजू भिंतीकडे असते तिथं, रंगाखालून आकडे वर आले. इंग्रजी सात, त्याच्या शेजारी आणखी एक सात, आणि तिसरा सात उलटा.

ते सात मी ठोकले होते.

अप्पांकडे लोखंडावर आकडे उठवायचे पोलादी ठसे होते. मी चौथीत असताना, अप्पा शेजारच्या शिंप्याकडे गप्पा मारायला गेले असताना, मी सातचा ठसा घेऊन हातोडीनं मशीनच्या पाठीवर ठोकला होता. वर्गात माझा नंबर सात होता. पहिला नीट उठला, दुसरा तिरका, तिसरा ठसा हातात उलटा धरला गेला. मग घाबरून मी ठसे जागेवर ठेवले आणि भूगोलाचं पुस्तक उघडून बसले. मशीनची पाठ भिंतीकडे, माझ्या स्टुलाच्या बाजूला होती. अप्पांनी ते कधी पाहिलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. पुढे मी ते विसरूनही गेले होते. त्या अंगणात, हाताला रॉकेलचा वास, समोर तो उलटा सात, आणि मी एकटीच हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हिरवाही खरा होता, निळाही खरा होता.

मी अप्पांना काही सांगितलं नाही. त्यांनी स्वतः ओळखायला हवं होतं. त्यातच सगळी गंमत होती. आम्ही दोघांनी ते मशीन इतरांसारखंच उघडलं. मी मुद्दाम मख्ख आवाजात बोलत होते. मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार, जळालं होतं, ते बाहेरून नवीन करून आणलं. बेअरिंगं बदलली, दोन्ही दगड नवे आणले. या वेळी निकाल मी शेवटी ठेवला होता; सगळं झाल्यावर ते टेबलावर ठेवलं, नवऱ्यालाही बोलावून उभं केलं आणि अप्पांना म्हटलं, "आता नीट हात लावून बघा."

अप्पांनी फार वेळ घेतला. पोट, कव्हरं, पाया. बोटं मागच्या कडेपर्यंत गेली. सात ज्या जागी होते तिथून ती सरळ पुढे निघून गेली.

"हे नव्हे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, नीट बघा की."

"बघितलं गं. हे पण नव्हे."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले आणि उगाचच कुकरची शिटी काढून धुतली.

पुढचा आठवडा मी कुठल्याच गोष्टीत धड नव्हते. अप्पा लबाडी करत असतील, तर ठीक. रविवार चालू राहावेत म्हणून म्हातारा मला बनवतोय, यात रागावण्यासारखं काय आहे? उलट मी आनंदानं बनले असते. पण त्यांना खरोखरच कळलं नसलं तर? तर त्यांचे डोळे गेले तसे हातही गेले, आणि ते त्यांना ठाऊक नाही, फक्त मला ठाऊक आहे. आणि विचारायचं तरी कसं? विचारलं की त्यातच सांगून टाकल्यासारखं होतं. सकाळी कॉफी देताना मी त्यांचा चेहरा निरखायची. चेहऱ्यावर काही नाही. ते मजेत होते, आमटीला नावं ठेवत होते. वर्गात मी मौर्यांच्या जागी मुघल शिकवायला सुरुवात केली आणि मुलींनी मला थांबवलं. नवरा म्हणाला, "सात काय, कुठल्याही कारखान्यात मशीनवर नंबर ठोकतात. तुझेच कशावरून?" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो दोन दिवस जपून बोलत होता. पण त्यानं माझ्या मनात तीही पाचर मारून ठेवली. उलटा सात कारखान्यात कोण ठोकेल? पण ठोकलाच असेल कुणी तर?

रविवार उजाडला. अप्पा धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून खुर्चीत तयार बसले होते. "आज लवकर जा मंडीकडं," ते म्हणाले. "उशिरा गेलीस की चांगलं सगळं उचलून नेतात."

माझा तोल गेला. आठवडाभर जे गिळून धरलं होतं ते सगळं बाहेर पडलं.

"कुठं जाऊ आता? मिळालंय मशीन! मागच्या आठवड्यातलं तेच आपलं आहे, अप्पा! त्याच्या पाठीवर सात ठोकलेत, ते मी ठोकलेत, चौथीत असताना. तुम्ही हात फिरवलात त्याच्यावरून आणि म्हणालात हे नव्हे! ठाऊक असून म्हणालात की खरंच कळलं नाही तुम्हाला?"

बोलून झाल्यावर मला माझीच शरम वाटली. अप्पा उठले, भिंत धरत धरत व्हरांड्यात आले. मी त्यांचा हात धरून मशीनच्या पाठीवर ठेवला. बोटाचं टोक पहिल्या साताच्या खाचेत गेलं, दुसऱ्याच्या गेलं, तिसऱ्यापाशी थांबलं.

"उलटा ठोकलायस," ते म्हणाले.

"हो."

"कळ्ळी," अप्पा म्हणाले. म्हणजे चोर. थोडे हसले आणि मग हसू गेलं. "मला नाही गं कळलं. खोटं नाही बोललो."

"एवढी वर्षं वापरलंत ते."

"वापरलं, पण हात कुठं लावला? ग्राइंडरच्या अंगाला कोण हात लावतो? फिरतं असतं, तापलेलं असतं. हात लांबच ठेवायचा, हेच शिकलो जन्मभर. दगड बदलताना नट सोडले, तेवढंच; रंगसुद्धा पोरंच फासायची. हातात असायची ती कात्री नाहीतर पटाशी. मशीन मी डोळ्यांनीच बघायचो." मशीनवरचा हात त्यांनी काढून घेतला. "आंधळ्याला हातानं सगळं कळतं, असं सगळेच म्हणता तुम्ही. मलाही वाटलं, कळेल की."

"मग आधीची सगळी 'नव्हे' ती कशावरून?"

"काय की. मनाला वाटलं नव्हे."

म्हणजे आमच्या व्हरांड्यातल्या सगळ्या मशिनांचा निकाल मनाला वाटलं म्हणून लागला होता. मला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळेना. अप्पांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. ते खुर्चीकडे वळू लागले. खुर्चीतला तो आधीचा माणूस मला पुन्हा समोर दिसला, आणि मी घाबरून जे तोंडाला आलं ते बोलले.

"मग हात लावू नका त्याला. पटाशी धरा. तुमच्या हातात पटाशीच असायची ना?"

नवऱ्याच्या पेटीतली एक बोथट पटाशी मी घेऊन आले. तो दारात येऊन म्हणाला, "अगं, वेड लागलंय का तुला?" बरोबरच म्हणत होता. मी दगड पुन्हा एकदा ठोकून पाहिला, खणखणला. डोळ्यांवर घालायचा काचेचा चष्मा अप्पांपुढे धरला. "कशाला गं?" अप्पा म्हणाले. "आता काय जाणाराय?" तरी मी तो घातला. त्यांच्या मागे उभी राहून मी दोन्ही हातांनी त्यांची मनगटं धरली, पटाशी दगडापुढच्या टेकूवर टेकवून दिली आणि नवऱ्याला बटण दाबायला सांगितलं.

मशीन घरघरलं, मग एका सुरात आलं. अप्पांची मनगटं माझ्या हातांत स्थिर होती. त्यांनी पटाशी पुढे सरकवली. ठिणग्या उडाल्या.

"ठिणग्या कुठं पडतात? वर की खाली?"

"खाली."

"मग बरोबर आहे, दगड सुलटा फिरतोय. घट्ट नको धरू मला. पाणी जवळ आण, पातं तापून निळं पडलं की वाया जाईल."

मी हात सैल केले. सोडायचा धीर मात्र झाला नाही, म्हणून पाणी नवऱ्यानं आणलं. अप्पांनी जीभ दातांत धरली होती, दुकानात धरायचे तशी. पटाशी डावीकडून उजवीकडे, पाण्यात चुर्र, पुन्हा दगडावर. मी स्टुलावर बसून हेच बघायची. मग त्यांनी बारीक दगडाकडे सरकायला सांगितलं, तिथं दोन-चार हात मारले आणि नवऱ्याला मशीन बंद करायला लावलं. दगड फिरत फिरत मंदावला. अप्पांनी अंगठा धारेवरून आडवा फिरवला.

"आता कळलं?" मी विचारलं. "हेच ना ते?"

अप्पांनी मान मशीनकडे वळवली. "कसं सांगू? दगड नवा, बेअरिंग नवं, वाइंडिंग नवं. असेल. नसेलही." त्यांनी पटाशी मला उलटी, दांडा पुढे करून परत दिली आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "घरात आणखी काय बोथट आहे गं?"

मी स्वयंपाकघरात धावले. विळी, सुऱ्या, कात्री, अडकित्ता, जे हाताला लागलं ते परातीत भरून आणलं. त्यातल्या निम्म्या सुऱ्यांना चांगली धार होती, पण ते मी अप्पांना सांगितलं नाही. अंगठा लावल्यावर त्यांना ते कळलंच असणार. तेही काही बोलले नाहीत, आणि त्यांनी सगळ्यांना धार लावली.